उसने दिलेले बी

मित्रांनो, धुळ्याजवळच्या एका छोट्या कापूस संशोधन केंद्राच्या अडगळीत बसलेला मी एक जुना रेचा आहे. दोन लाकडी रूळ आणि एक दांडा, एवढेच माझे शरीर. माझ्यात कापूस घातला की रुई पुढे जाते आणि सरकी मागे पडते. पहूरच्या एका सुताराने मला बाभळीतून घडवले.

१९६५ साली मर रोगाने केंद्राचे सारे शेत वाळले. मोजकी झाडे तेवढी उभी राहिली. तरुण संशोधक तोतारामभाऊंनी ती निवडली आणि वर्षानुवर्षे त्यांचेच बी पेरले. मोठ्या यंत्रात वाणांची सरमिसळ होते, म्हणून एकेका झाडाचा कापूस माझ्याकडे येई. केंद्रात मजुरीला येणाऱ्या भिकुबाई दांडा फिरवत आणि प्रत्येक झाडानंतर कुंच्याने माझी फट न् फट झाडत. एकाची सरकी दुसऱ्यात जाता कामा नये, हा भाऊंचा दंडक होता. पाहुणे माझे कौतुक करीत.

सहा वर्षांनी एक परदेशी शास्त्रज्ञ आले. संशोधन दोघांचे, नावे दोघांची, असे ठरले. बी थोडे होते. “आमच्या देशातल्या काचघरात ते वाढवून पेरणीआधी परत पाठवतो,” असे ते म्हणाले.

भाऊ थोडे बी बाजूला काढू लागले, तशा भिकुबाई हसल्या. “पाव्हनाले कोनी मोजीसन देस का, भाऊ? बठ्ठं दी टाका. उसनं बी शे, पीक उनं की परत येई.”

खानदेशात तसेच चाले. उसन्या बियाण्याची आठवण कुणाला करून द्यावी लागत नसे.

“खरं आहे, अक्का. आणि हा तर शास्त्रज्ञाचा शब्द!” भाऊ म्हणाले. सगळ्या पिशव्या गेल्या.

मृग आला. नांगरलेला तुकडा रिकामाच राहिला. भिकुबाई रोज विचारत, “बी उनं का, भाऊ?” पत्रांना उत्तर येत नव्हते. दोन वर्षांनी एक परदेशी नियतकालिक मात्र आले. आमचा कापूस त्यात होता. वाणाला नाव त्यांचे, लेखालाही त्यांचेच.

“यामा आपन कोठे शेतस?” भिकुबाईंनी विचारले.

“कुठेच नाही, अक्का.”

त्या दुपारी भाऊंनी माझे रूळ उचकटले. एखादी सरकी अडकून राहिली असेल, म्हणून खाचाखाचांत शोधले. भिकुबाई हातात कुंचा घेऊन नुसत्या उभ्या होत्या. एकही सरकी सापडली नाही. त्यांनी मला इतके स्वच्छ ठेवले होते.

रूळ पुन्हा कुणी बसवले नाहीत. मित्रांनो, ज्ञान जरूर वाटा. पण शब्द कितीही मोठ्याचा असो, मूठभर बी घरी ठेवा. तुम्ही मला पुसाल, तेलही द्याल. पण तो कापूसच उरला नाही, तर मी आता कशातून काय वेगळे करू?