एकच कथा, एकोणीस वेळा

या, जरा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते. रागात सांगते आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझी आत्या दरवर्षी देवाची एकच कथा गाऊन सांगायची. एकोणीस वर्षांची तिची रेकॉर्डिंग आमच्या कॉम्प्युटरमधल्या दुसऱ्या डिस्कवर होती. ती डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून धाकट्या दिरांनी नवी बसवून दिली. मी उघडून पाहते, तर आत एकच कथा!

"वहिनी, बाकीच्या अठरा सारख्याच होत्या. म्हटलं, उगाच जागा कशाला अडवायची?"

"सारख्या? मग भावजी, काल जेवलात ना, आज कशाला ताटावर बसलात? अहो, पहिल्या वर्षी एका ओळीवर मागे आतोबा टाळी धरतात. सातव्या वर्षी आतोबा नाहीत, आणि नेमक्या त्याच ओळीवर ती थांबते. शेवटच्या वर्षी तिला दम पुरत नाही, तरी कथा सोडत नाही. हे सारखं?"

जुनी डिस्क त्यांच्या बॅगेतच होती. पुसून ऑफिसात वापरणार होते म्हणे! मी ती टेबलावर काढायला लावली आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी एकेक कथा नव्या डिस्कवर उतरवली. सातवी लावून पाहिली. आत्या थांबली, तसा भावजींचा हातही थांबला.

"चुकलो, वहिनी."

चुकलेच! माझा राग अजून उतरलेला नाही. तुम्ही मात्र देवापुढे हात जोडाल तेव्हा माझ्या आत्याची आठवण काढा. आतोबांची वेगळी काढा. दोघांची एकातच उरकू नका.