तोंड उघडताना

"अजून बोटभर उघडा," नर्स म्हणाली.

लिफ्टमिस्त्रीने जबडा ताणला. ओठाचा कोपरा टचकन फाटला. त्याने नर्सचा हात बाजूला ढकलला, डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला आणि पाटीवर लिहिलं : बस झालं. उद्यापासून येणार नाही.

सव्वीस वर्षं त्याने इमारतींच्या पोटात लोंबकळून अडकलेल्या लिफ्टा सोडवल्या होत्या. आत घाबरलेल्यांना तो वरूनच ओरडून सांगायचा, "मी आलोय, आता काळजी नाही." मग रक्ताचा कॅन्सर निघाला. थोरल्या बहिणीच्या पेशी जुळल्या, त्या त्याच्या अंगात सोडल्या आणि कॅन्सर हटला. पण चार महिन्यांनी त्याच पेशींना त्याचं तोंड परकं वाटू लागलं. गाल, जीभ, हिरड्या, सगळीकडे व्रण. पाण्याचा घोटही निखाऱ्यासारखा लागे. औषधांच्या जोडीला, जखमा भरायला मदत म्हणून तांबड्या उजेडाचे शेक सुरू झाले. आजचा नववा.

उजेड दुखत नव्हता. दुखत होतं ते तोंड उघडणं.

आज मंगळवार. सकाळीच वजन करून डॉक्टर म्हणाले होते, "शुक्रवारी वजन आणखी उतरलं, तर नाकातून नळी घालावी लागेल."

नर्सने पाटी वाचली. वाद न घालता तिने दार उघडलं. बाहेर बाकावर त्याची ताई बसली होती. 'दात्याच्या पेशीच हल्ला करताहेत' असं डॉक्टर बोलून गेल्यापासून ती रोज येई, पण आत पाऊल टाकत नसे.

"या ना आत. माझं ऐकत नाहीत ते."

ताई दारातच थांबली. "माझं तोंड बघून त्याला अजून त्रास व्हायचा."

मिस्त्रीने हाताने खूण करून तिला बोलावलं. ती आली, पण नजर जमिनीवरच.

"माझंच रक्त तुला डसतंय रे," ती म्हणाली. "शिव्या द्यायच्या तर दे. गप्प बसू नकोस फक्त."

त्याने पाटी बाजूला ठेवली. मग जीभ कुठेही लागू न देता, एकेक शब्द उचलून ठेवावा तसा बोलला, "तू... कुणाच्याही घरी गेलीस... की आधी... भांडी इकडची तिकडे करतेस."

"काय?"

"इथंही... तेच." त्याने स्वतःच्या गालावर बोट ठेवलं.

ताईला आधी कळेना. कळलं तशी ती फसकन हसली आणि हसता हसताच पदराने डोळे पुसू लागली. "मेल्या, मरायला टेकलास तरी टोमणे सुटत नाहीत!"

"मरायला नाही," नर्स करड्या आवाजात म्हणाली. "चष्मा लावा. तुम्हीपण लावा हा, आणि त्यांचा हात धरा."

त्याने तोंड उघडलं. नर्सने तांबड्या दिव्याची दांडी आत सरकवली. एका जागी दहा सेकंद, मग पुढची जागा. ती पुटपुटत मोजत होती. गालाच्या आतल्या बाजूला आल्यावर त्याची नखं ताईच्या तळहातात रुतली. ताईने हात सोडवला नाही. वीस मिनिटांनी नर्सने दिवा बंद केला तेव्हा तिघांच्याही कपाळावर घाम होता.

शुक्रवारी काटा मंगळवारच्याच आकड्यावर थांबला. एक तोळा खाली नाही, एक तोळा वर नाही. शेकाने की औषधाने, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. "नळी सोमवारपर्यंत थांबवू," एवढंच ते म्हणाले. "पण तोंडाने पोटात काहीतरी जायला हवं."

ताईने वाटीत गार दूध ओतलं आणि चमचा उचलला. मिस्त्रीने तो तिच्या हातातून काढून घेतला. पहिला घोट गिळताना त्याची मान आखडली, डोळ्यांत पाणी आलं. अर्धं दूध हनुवटीवरून ओघळून शर्टात गेलं.

"गोड आहे ना?" ताईने विचारलं.

त्याने 'हो' म्हणून मान हलवली. चव लागत नव्हती.

तो दुसरा चमचा भरू लागला. ती बघतेय हे दिसताच त्याने घाईने बाहीने हनुवटी पुसली. ताई उठली, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. मागे चमचा वाटीला थांबत थांबत लागत राहिला.