सतरा नंबरचा शिक्का

हॉस्पिटलने कागदावर लिहून दिलं, ‘कामास योग्य’. दोन शब्द. डोक्यातली रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगून फुटली, मांडीतून नळी घालून डॉक्टरांनी त्या फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरली, मी वाचलो. खरंय. पण दुपारी जेवणानंतर ट्यूबलाइट डोळ्यांत टोचते, ग्राइंडरचा आवाज दातांत शिरतो, मधला तास-अर्धा तास कुठे जातो कळत नाही. ते कुठल्या शब्दात बसवायचं? तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर फिल्म उजेडाला धरून म्हणाला, "एकदम क्लीन. नशीबवान आहात." म्हणजे फिल्ममधलं डोकं बरं झालं. खांद्यावरचं कोण बघणार?

घरी विद्युलता म्हणाली, "अहो, कारखान्यात एक अक्षर बोलू नका. मेडिकल बोर्डापुढे उभं करतील, घरी बसवतील. क्वार्टर जाईल."

म्हणून गप्प बसलो. चार महिने.

चेन्नईजवळ आवडीला रणगाड्यांचा सरकारी कारखाना आहे, तिथे मी पिना तपासतो. मापाच्या गेजचं एक तोंड पिनवर बसलं पाहिजे, दुसरं बसता कामा नये. पास झालेल्या ट्रेला हिरवं लेबल, त्यावर तपासणाऱ्याचा शिक्का; नाकारलेल्या पिना लाल डब्यात. माझा नंबर सतरा. शेजारच्या टेबलावरचा व्यासराज रोज चिडवायचा, "रत्नाकर, डोक्यात प्लॅटिनम घेऊन टी. नगरात फिरू नकोस. सोनार पाठीमागे लागतील!" मी हसायचो. हसायलाही ताकद लागते, हे कुणाला सांगणार?

त्या गुरुवारी अडीच वाजता टेबलावर एक ट्रे दिसला. दोनशे पिना, हिरवं लेबल, सतरा नंबर. मी तपासलेला ट्रे. आणि तो तपासल्याचं मला काहीच आठवेना. एकही पिन नाही. चार वाजता ट्रक निघणार होता. ही पिन ब्रेकमध्ये बसते. वाईट निघाली तर गाडी थांबत नाही. आत बसलेल्या पोराला माझं ऑपरेशन माहीत नसतं.

क्वार्टर गेलं तर जाऊ दे, म्हटलं. ट्रे उचलला आणि सेक्शन सांभाळणाऱ्या चार्जमन गुरुमूर्तीरावांपुढे आपटला. ते तंजावरकडचे. मराठी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली, राग मात्र तमिळ.

"गुरुमूर्तीराव, हा मी तपासला की नाही, मला माहीत नाही."

"शिक्का कुणाचा?"

"माझाच. पण आठवत नाही. दुपारनंतर डोकं चालत नाही माझं. हॉस्पिटलातून आल्यापासून असंच आहे. लपवलं मी."

सगळा सेक्शन बघत होता. बघू दे.

"अय्यो! चार महिने?" ते ओरडले. "मूर्खा, माझ्या भावाला लकवा झाला तेव्हा तोही असाच लपवत होता. व्यासराज, ये इकडे. दोनशेच्या दोनशे पुन्हा तपास. ह्याने नाकारलेल्यासुद्धा."

व्यासराज गेज घेऊन बसला. एक तास गेज वाजत राहिलं. मला स्टुलावर बसवून ठेवलं होतं. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. एक पिन, फक्त एक वाईट निघाली, तर शिक्का उद्या दुसऱ्याच्या हातात.

व्यासराजने गेज खाली ठेवलं. "दोनशे चांगल्या. एकही वाईट नाही."

मी तोंड झाकून घेतलं. हात आपलं काम करत होते. मी हजर नव्हतो, तरी हात खोटं बोलले नव्हते.

"थांब, रडू नकोस," गुरुमूर्तीराव म्हणाले. लाल डब्यातल्या दोन पिना त्यांनी माझ्या नाकापुढे धरल्या. "ह्या चांगल्या होत्या. तू फेकल्यास. सरकारचा माल काय तुझ्या सासऱ्याचा? उद्यापासून जेवणापर्यंत गेज, नंतर नुसते कागद. बोर्डाला मी लिहितो, असंच चालेल म्हणून. आणि ह्या दोन पिनांचा खुलासा आत्ता लिहून दे."

त्यांचं पत्र बोर्ड मानेल की नाही, ते बोर्डालाच ठाऊक. पण चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला सरळ शिव्या घातल्या होत्या, इतर कुठल्याही कामगाराला घालतात तशा. मी कागद ओढला. अक्षर वाकडं येत होतं. येऊ दे. ‘दोन चांगल्या पिना माझ्या चुकीने नाकारल्या,’ असं लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं.