हात जुळवण्याचा मान

लेकीच्या लग्नात नवरा-नवरीचे उजवे हात एकमेकांत आपण द्यावेत, एवढीच तितिनियाची इच्छा होती. पण रोममध्ये हा मान जन्मात एकच नवरा केलेल्या बाईचा. तिला युनिविरा म्हणतात, आणि मेल्यावर थडग्यावरही तेच कोरतात. तितिनियाचे दोन झाले होते. पहिल्यावर, नवरीच्या बापावर, कलावियसवर, तिचा भारी जीव. पण तितिनियाच्या बापाचं जावयाशी बिनसलं आणि त्याने नांदती लेक घरी आणून दुसऱ्याच्या गळ्यात बांधली. कायदा बापाचा. तिला कुणी विचारलं नाही, बट्टा मात्र तिलाच लागला.

मानकरीण ठरली कलावियसची मावसबहीण, होस्तिया. होस्तियाचा नवरा अकरा वर्षं नेआपोलिसला दुसरीच्या घरी राहत होता. पण हिने केला एकच, म्हणून बाई सोवळी!

"वहिनी, तू जरा खांबापलीकडे थांब हं," होस्तिया म्हणाली. "अपशकुन नको."

"मी काय हौसेने केला दुसरा? विचार ना माझ्या बापाला!"

म्हातारा खुर्चीत बसून लग्नाची गोड रोटी चघळत होता. "शुभकार्यात जुनी मढी कशाला उकरतेस, पोरी?" असं म्हणून त्याने आणखी एक मागितली.

तितिनियाने लेकीकडे पाहिलं. केशरी ओढणीखालून कलाविया हळूच म्हणाली, "आई, राहू दे ना. मला एकदाच करायचंय."

तितिनिया खांबापलीकडे गेली. तिथून तिला फक्त होस्तियाची पाठ दिसली.

संध्याकाळी वरातीआधीचा खेळ सुरू झाला. नवरीला आईच्या मिठीतून ओढून न्यायचं. याला मात्र कसलीही आई चालते. "धर, धर घट्ट!" वऱ्हाड ओरडलं आणि तितिनियाने धरलं. नवऱ्याच्या मित्रांनी ओढलं, पुन्हा ओढलं, तरी तिचे हात सुटेनात. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली.

"काय सोंग वठवते बाई!"

सोंग कसलं! कलाविया तीन वर्षांची होती, तेव्हा तितिनियाच्या बापाच्या माणसांनी तिला असंच लेकीपासून ओढून नेलं होतं. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं, आणि कुणी अडवलंही नव्हतं.

"आई, दुखतंय," कलाविया कुजबुजली. "सोड आता. लोक बघतायत."

तितिनियाने सोडलं. पहिली टाळी तिच्या बापाने वाजवली.