राजाच्या गळ्यातला आकडा

"नुसतं बघत बसू नका, सांगा काहीतरी," बायको म्हणाली.

वडिलांच्या बागेत गुलाबासाठी खड्डा खणताना तिच्या खुरप्याला प्लास्टिकची डबी लागली होती. झाकण फुटून आत माती शिरलेली आणि मातीत चांदीचं पदक. नवरा संग्रहालयात नाणी-पदकं ओळखायच्याच कामावर, त्यामुळे हातसुद्धा न धुता तिनं ते त्याच्यापुढे ठेवलं.

तो टेबल आणि भिंत यांच्या फटीतल्या खुर्चीत होता. तिथून बाहेर पडायचं तर बायकोला उठावं लागणार. खिडकीपाशी सासरे शब्दकोडं सोडवत होते. त्याच्या आधी त्या विभागाचे प्रमुख तेच. त्याची नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागलेली.

"घराच्या आधीच्या मालकाचं असेल," सासरे मान वर न करता म्हणाले.

त्यानं ओल्या कापसानं माती टिपली. मुकुट, नाक, दाढी. राज्याभिषेकाचं पदक. मग राजाच्या गळ्यावर वार्निशखाली काळ्या शाईचा बारीक आकडा दिसला: ४१७.

भिंगाची गरज नव्हती. अक्षर त्याचंच होतं. संग्रहालयाच्या नोंदवहीतला दाखल क्रमांक पदकाच्या मागच्या बाजूला घालायचा असतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यानं तो पुढून घातला होता. "राजाच्या गळ्यात पाटी अडकवलीस रे," म्हणून सासरे, तेव्हाचे साहेब, पोट धरून हसले होते.

वर्षभरात पदक गायब झालं. ठपका शिपायावर आला. शिपायाची नोकरी गेली. कपाटाची किल्ली शिपायाकडेच असे, या जबाबाखाली सही आजच्या जावईबापूंची. साहेबांनी बोट ठेवलं तिथे त्यानं ती केली होती. दुसरी किल्ली कुणाकडे असते, हे त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

"शिपाईकाकांवर आळ आला, ते असलंच होतं ना?" बायकोनं विचारलं. लहानपणी तेच तिला सायकलवरून शाळेत सोडायचे.

त्यानं कापसाची घडी घातली. खरं सांगावं तर सासरे अडकणार आणि त्यांच्यामागोमाग आपली सही.

"नक्कल आहे," तो म्हणाला. "चांदीचा मुलामा. अशी ढिगानं निघाली होती."

"मग हा आकडा?"

"दुकानदारानं घातला असेल."

सासऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. बऱ्याच वेळानं त्यांचा चेहरा सैल झाला होता. जुना विनोद आपसूक ओठांवर आला.

"दुकानदारही तुमच्याच पंथाचा दिसतो, जावईबापू. राजाच्या गळ्यात पाटी."

बायको हसली नाही. तिनं खिडकीकडे पाहिलं, मग टेबलाकडे. मधे अख्खी खोली होती.

"बाबा, आकडा गळ्यावर आहे हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर अजून पदक पाहिलंच नाही."

सासऱ्यांनी पेन्सिल पुन्हा उचलली, पण कोड्यात काही भरलं नाही. त्यानं खुर्ची मागे रेटून पाहिली. ती भिंतीला लागली.

बायकोनं त्याच्या खिशातलं भिंग काढून त्याच्या हातात दिलं आणि स्वतःची खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढली.

"पुन्हा बघा," ती म्हणाली. "आणि या वेळी बाबांकडे न बघता सांगा."