दीड पेर पाणी

वेळूच्या काठीवर दुसऱ्या पेरापर्यंत ओल चढलेली, त्याच्या वर कोरडं, पिवळं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं — छबूनं काठी आडवी धरली तसे थेंब ओघळून तिच्या मनगटावर आले, आणि मांडीवरच्या लेकीनं, भामीनं, झोपेतच तोंड त्यांच्याकडे वळवलं.

"दोन," ती म्हणाली.

मागे तिच्या नवऱ्यानं, म्हाळूनं, वल्हं मारलं. टोकरं, टोपलीसारखी गोल कातडी नाव, अर्धी गिरकी घेऊन पुन्हा सरळ झालं. नव्या कातड्याचा वास अजून गेला नव्हता. दिवाळीपासून तो हेच करत बसला होता — बांबूच्या कामट्या वाकवायच्या, म्हशीचं कातडं ताणायचं, शिवणीत राळ भरायची. दीड पेर पाणी असलं की ते तिघांना घेऊन तरंगायचं. त्याहून कमी झालं की बूड खरवडायचं. मग उतरायचं, म्हाळूनं ते पालथं डोक्यावर घ्यायचं, आणि पुढचा डोह येईपर्यंत खडकांतून चालायचं. थंडी पडली की नदी, त्यांची गंगा, अशीच होते, तुटक तुटक. सकाळपासून चढणं आणि उतरणं, चढणं आणि उतरणं… पाय आता तिचे वाटत नव्हते, कुणाचे तरी मागून आणल्यासारखे वाटत होते.

टोकरं राधाकिशनला पोचवायचं होतं, नणंदेच्या नवऱ्याला. त्याच्या गावच्या उतारावरचं जुनं कुजलं होतं. टोकरं पोचवायचं, आणि भामीला.

पंचमीला ही नणंद, कडूबाई, माहेरी आली तेव्हा भामीला मांडीवर घेऊन म्हणाली होती, "पोरगा न्हाई मागत मी. पोरगा उद्या वाट्याला उठंल, लोक बोलतील. ही पोरगी दे. माझ्यापाशी बसून बोलंल तरी कोनी." आणि म्हाळू — जमिनीकडं बघत, नखानं सारवण उकरत — "आनून घालतो, अक्का," म्हणाला होता. एवढंच. त्यानं दुसरं काय म्हणायचं? मरीच्या साली आईबाप दोघंही गावाबाहेरच्या झोपडीत वारले तेव्हा ही कडूबाई केवढीशी पोर होती, पण भाकरी चावून चावून याच्या तोंडात घातली तिनं. हे सगळं छबूला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि… मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते? बहुतेक हेच म्हणाले असते. पण विचारलं नाही, म्हणून राग तरी धरता आला. आणि त्या रागाच्या बळावरच ती सकाळी उठली, भामीचं डोकं विंचरलं, दोन झबली फडक्यात बांधली आणि टोकऱ्यात बसली.

बुडाखाली वाळू करकरली.

"उतर," म्हाळू म्हणाला.

भामी कडेवर, गाठोडं खांद्याला, काठी हातात — छबू पुढे झाली. मागे टोकऱ्याखाली म्हाळूचं डोकं, मान, खांदे सगळंच गेलं. खाली नुसते दोन पाय उरले. आतून त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येई.

"पुढं?"

"खडक. डावीकडून या."

"आता?"

"वाळूच हाय."

तो पाऊल टाकी. ती सांगे तिथंच टाकी. या माणसानं पोर देऊन टाकताना मला विचारलं नाही, आणि दगड कुठं आहे ते मात्र… तिच्या छातीत दूध दाटून आलं होतं. पोरीचं अंगावरचं दूध तुटायला वेळ लागेल म्हणून कडूबाईनं शेळी आणून ठेवली होती, पांढऱ्या कानाची, तसा निरोपच आला होता. सगळी तयारी होती. माया होती, शेळी होती, वाकळ शिवली होती. वाईट कुणीच नव्हतं, हेच वाईट होतं.

एका डबक्यात त्यांच्या गावचा शहादेव म्हशी धूत होता. पालथं टोकरं चालत येताना पाहून तो हसला.

"काय बे म्हाळू, बायकोला टोकऱ्यात बसवून नेतो म्हनालतास. आन तूच टोकऱ्याखाली?"

"घरातबी असंच चालतंय," टोकरं म्हणालं.

शहादेवानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "जांभळीच्या वळनाला मांडीइतकं पानी हाय. सकाळीच म्हशी घालून आलो. तितून बसा, मग थेट घाटालाच लागतंय." मग भामीकडं बघून, "पोरीला आत्याकडं का?"

"व्हय. आत्याकडं," छबूच म्हणाली, आणि थांबली नाही.

जांभळीच्या वळणाला अलीकडची वाट बाभळींनी बुजलेली होती. टोकऱ्यात बसायचं नसेल तर पाण्यातून पलीकडच्या काठाला जावं लागणार होतं. पाणी काळसर, संथ.

"किती?" आतून आवाज आला.

तिनं काठी घातली. एक पेर गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं. काठी वर काढली तेव्हा भामीनं ओल्या भागावर तळवा आपटला आणि हसली.

"एक," छबू म्हणाली.

हे आपणच म्हणालो का, असं तिला वाटलं. तोंडातून नुसता आकडा निघाला होता, हलका, सकाळपासूनच्या आकड्यांसारखाच. वाट लांबेल, दिवस बुडेल, उद्या… उद्या काय, ते तिला माहीत नव्हतं. म्हाळू पाण्यात शिरला. पाणी पिंढरीला आलं, गुडघ्याला आलं, मांडीवर चढलं. तिथं ते दोन पाय थांबले. छबू काठावर काठी धरून उभी राहिली — आता वळेल, आता बोलेल.

"व्हय," टोकऱ्यातून आवाज आला. "कमीच हाय."

आणि पाय चालू लागले.

लुगडं वर खोचून, भामीला खांद्यावर घेऊन ती त्याच्यामागून गेली. पलीकडे चढल्यावर त्याचं धोतर मांड्यांपर्यंत चिकटलेलं, त्याच्यातून पाणी निथळत होतं. ती त्या ओल्या रेघेकडं बघत राहिली. शेजारी गंगा भरून वाहत होती आणि ती दोघं तिच्या काठानं, भर उन्हात, टोकरं डोक्यावर घेऊन चालली होती. वाटेत दगड नव्हता तरी त्याचे पाय मध्येच थांबत. ती त्याला चला म्हणत नव्हती.

म्हणजे ह्यालाही पोचायचं नाही… सकाळपासून की पंचमीपासून? तिनं राग शोधला. भाकरी संपल्यावर फडकं चाचपावं तसा शोधला. आता धरायचा कुणावर?

मोठा डोह आला. पलीकडे घाट दिसत होता, घाटावर कुणी बाई, कपाळावर हात आडवा धरून उभी. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता. उभं राहणं दिसत होतं.

म्हाळूनं टोकरं उतरवलं नाही.

"पानी किती हाय?"

तिनं काठी घातली. काठी सगळी गेली, मूठ गेली, कोपरापर्यंत हात गार झाला. तळ लागला नाही. घाटावरच्या बाईनं हात हलवला. भामीनं तो पाहिला आणि आपलाही हलवला.

"सांग की," आतून अगदी हळू आवाज आला.

छबूनं ओला हात तसाच पाण्यात ठेवला. दिवसभर एकटीनं वाहिलेलं, पोर सोडण्याचं ओझं आता दोघांच्या मध्ये होतं, आणि तरी ते हलकं झालं नव्हतं.