वाटीतल्या सुया

पिंपळगाव राजात शेषराव पाटलांइतका बायकोवर जीव लावणारा माणूस झाला नाही, असं लोक सांगतात. सांगोत बापडे!

त्यांची बायको मनकर्णाबाई लग्नाआधी भजनं गायची. माणसानं हातातलं काम टाकून ऐकत बसावं, असा आवाज. अकोल्याला तबकड्या काढणारे कंपनीवाले आले, तेव्हा भाऊ इंद्रभान तिला घेऊन गेला आणि तिचं एक भजन तबकडीवर उतरलं. वर नाव छापलेलं. पुढं लग्न झालं आणि सासरी घटसर्पानं तिचा गळा धरला. जीव वाचला, आवाज गेला तो गेलाच. नुसती घोगरी कुजबुज उरली. कंपनीही बुडाली. इंद्रभाननं खामगाव-अकोला पालथं घातलं, पण दुसरी तबकडी कुठं मिळाली नाही. तिचा आवाज म्हणून जगात जे काही होतं, ते घरातल्या त्या एका तबकडीत होतं.

शेषरावांनी फोनो, म्हणजे चावीचा ग्रामोफोन, आणि चार तबकड्या आणल्या आणि रोज दिवेलागणीला ओसरीवर माणसं जमवून शेवटी तिची तबकडी लावू लागले. बाई हरखली. नवऱ्याला आपलं इतकं कौतुक!

पुढं भजनात खरखर शिरली. "धूळ बसली असंन," शेषराव म्हणाले. बाईनं मलमलीच्या फडक्यानं, रेघांच्या चालीनं हलक्या हातानं पुसली. "तेलकट हात लागले असतीन." तिनं रिठ्याच्या गार पाण्यानं धुतली, मधला कागद भिजू दिला नाही, आणि सावलीत वाळवली. उन्हात तबकडी पापडासारखी वाकडी होते. "मेज डुगडुगते." तिनं मेजाच्या पायाखाली छपराच्या कवेलूचा तुकडा सरकवला. खरखर वाढतच गेली. बाकीच्या तबकड्या मात्र खणखणीत! आपल्याच हाताचा काही दोष असेल, असं बाईला वाटायचं.

एके संध्याकाळी ती दाराआड बसून नीट पाहत राहिली. शेषरावांनी पहिली तबकडी लावली, डबीतून नवी सुई घेतली. दुसरीला पुन्हा नवी. वापरलेली सुई ते एका वाटीत टाकत. एका सुईनं एकच बाजू वाजवायची, बोथट सुई तबकडी खरवडून काढते, हे दुकानदारानं त्यांना बजावून सांगितलं होतं. मग तिची तबकडी आली. शेषरावांनी वाटीत बोटं फिरवली, एक सुई उजेडाला धरून टोक पाहिलं आणि परत टाकली. दुसरी पाहिली. ती चांगली बोथट होती. तीच लावली.

 माणसं गेल्यावर बाईनं विचारलं, "काऊन हो? माह्याच तबकडीले वाटीतली सुई काऊन?"

शेषराव हसले. "लगन झालं तवा पानठेल्यावर तुही तबकडी वाजे. पाटलाच्या घरची बाई पानठेल्यावर गाते म्हनून लोकं मले पाहून दात काढत होते. फोडली असती त मी वाईट ठरलो असतो. वाजवून वाजवून संपली त कोन काय म्हनंन?" मग फोनोवर कापड टाकत म्हणाले, "आता थोडीच राह्यली."

मेल्या, निदान रागानं तरी बोलायचं होतंस!

दुसऱ्या दिवशी ओसरी भरली. "अवं, आन तुही तबकडी," शेषरावांनी हाक दिली. बाईनं ती स्वच्छ पुसून आणली आणि सगळ्यांदेखत उंबऱ्यावर आपटली. काचेसारखे तुकडे झाले. शेषरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, खरंखुरं! शेजारचे महादेवराव कळवळले, "वैनी, हे काय केलं वो? रोज जीव लावून ऐकत होता बिचारा!"

बातमी ऐकून धामणगाव बढ्याहून इंद्रभान धावत आला. "मनकर्णे, अक्कल हाय का तुले? असा नवरा दिवा घेऊन धुंडला तरी भेटत नाही."

बाईनं घोगऱ्या कुजबुजीत सगळं सांगितलं आणि सुयांची वाटी त्याच्यापुढं धरली. इंद्रभाननं वाटीत पाहिलं.

"जुन्या सुयाबी फेकत नाही," तो म्हणाला. "पाय, किती काटकसरी मानूस हाय!" आणि वाटी तिच्या हातात देऊन तो ओसरीवर शेषरावांचं सांत्वन करायला गेला.